बेचाळीस नंबरचं नाव

सातारा, ९ फेब्रुवारी १९९९

प्रिय शालनताई,
सप्रेम जयभीम.

दादांची वही इंटरनेटवर ठेवायचं आपल्या वधूवर मंडळानं ठरवलं आहे, आणि नेमकी कुठे ठेवायची हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात आलं आहे. तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चोवीस वर्षं काढलीस, तारांमधलं तुला कळतं, म्हणून तुलाच विचारतो.

वहीची हकीकत तुला माहीत आहे, पण पत्र अक्षताही वाचेल म्हणून लिहितो. धर्मांतरानंतरच्या वर्षी, सत्तावन्न साली, माझ्या वडिलांनी ती सुरू केली. खंडाळ्यापासून मिरजेपर्यंत विखुरलेल्या आपल्या घरांतली लग्नाची मुलंमुली; नाव, वय, शिक्षण, पत्ता. दर बुद्धपौर्णिमेला प्रती काढून गावोगाव पाठवायच्या. दादांचा नियम एकच होता. लग्न ठरल्याचं कळलं की त्याच दिवशी नाव लाल शाईनं खोडायचं. ‘ठरल्यावर पोरीचं नाव एक दिवस बी उघड्यावर ऱ्हायला न्हाई पायजे,’ म्हणायचे. दादा गेल्यापासून लाल पेन माझ्या खिशात असतं.

आता मुलं पुण्यामुंबईला, सैन्यात, दुबईला. तिथवर प्रती पोचत नाहीत. म्हणून वेबसाइट. म्हणजे आपली पानं एखाद्या कंपनीच्या, रात्रंदिवस चालू असणाऱ्या संगणकावर ठेवायची. मग ती कुठूनही दिसतात. अशी जागा देणारे बरेच आहेत. कुणाची घ्यायची, हा प्रश्न.

एक जागा अमेरिकेत फुकट मिळते. काल पोवई नाक्याजवळच्या इंटरनेटच्या दुकानात चार नावं नमुन्यादाखल चढवून पाहिली. पान उघडलं, तर नावांच्या डोक्यावर एक जाहिरात. अर्ध्या कपड्यांतली बाई डोळा मारते आहे, आणि तिच्याखाली ‘वय २२, डी.एड., राहणार कोरेगाव’. जागा फुकट असली की जाहिराती त्यांच्या मर्जीच्या. मी दोन्ही हातांनी पडदा झाकला. दुकानदार हसला. मला लाज वाटली ती त्या मुलीसाठी की मला कुणी पाहिलं म्हणून, हे रोजनिशीत लिहिताना ठरवता आलं नाही.

दुसरी जागा पुण्याच्या एका कंपनीची. वर्षाचे पैसे, छापील अर्ज, जाहिराती नाहीत. पण तिथे मी कुणाला ओळखत नाही. काय करू?

दाजींना जयभीम. अक्षताला आशीर्वाद.
तुझा मावसभाऊ,
महेंद्र


सांगली, १५ फेब्रुवारी १९९९

प्रिय महेंद्र,

पडदा हातानं झाकलास हे मी ड्यूटीवर वाचलं आणि इतकी हसले की सुपरवायझरबाई म्हणाल्या, “होवाळबाई, लायनीवर कोण विनोद सांगतंय का?”

फुकटचं नको. फुकट ट्रंककॉल लावून देणारा मी अजून पाहिला नाही. आणि पुण्याच्या कंपनीचं काय, बिघडलं तर कुणाच्या दारात जाऊन बसायचं? फोनवर “आपण रांगेत आहात” म्हणतील. ते वाक्य आम्हीच लोकांना ऐकवतो, त्याची किंमत मला विचार.

ज्याचं दार माहीत आहे त्याच्याकडं ठेव. तुझा वीरधवल आठवतो का, कडेगावच्या मानसिंगराव पाटलांचा नातू? तुझ्या कॉलेजात होता, तुझ्या ग्रंथालयात बसून शिकला. त्याचा इथं विश्रामबागेत कॉम्प्युटरचा क्लास आहे. तो वेबसाइटी करून देतो. अक्षता कॉलेज सुटल्यावर तिथंच शिकायला जाते. मी सहज विषय काढला तर म्हणाला, “आवं मावशी, सरांचं काम? ते माझ्याच जागेत ठेवू की. सरांनी विचारायचं पण न्हाई.” टायपिंगला अक्षता बसेल, तिचा हात लय चालतो.

आणि हे बघ, यंदा वहीत अक्षताचं नाव घाल. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष संपत आलं. नाव घातलं म्हणून काय लगेच लग्न नाही, पण बघायला सुरुवात व्हावी. गृहकृत्यदक्ष लिही. चहा करते बऱ्यापैकी.

तुझी ताई,
शालन


सातारा, २२ मार्च १९९९

प्रिय शालनताई,

परवा तुझ्याकडे जेवून घाईनं निघालो म्हणून वीरधवलकडे काय झालं ते नीट सांगता आलं नाही. खरं तर सांगायचं टाळलं.

जाण्याआधी मी एका कार्डावर अकरा प्रश्न लिहून नेले होते. संगणक कुठल्या गावात आहे, वीज गेली तर काय, मराठी अक्षरं सगळीकडे नीट दिसतील का, पानांची दुसरी प्रत कुठे ठेवता, असे. नऊ विचारले. वीरधवलनं शांतपणे उत्तरं दिली. पुण्याच्या त्याच कंपनीकडून त्यानं मोठी जागा घेतली आहे, त्यातला एक कोपरा आपल्याला देणार. पैशाचं नाव काढू दिलं नाही. दहावा प्रश्न होता, पासवर्ड कुणाकडे राहील? म्हणजे तो शब्द, जो माहीत असेल त्यालाच पानं बदलता येतात. अकरावा, आम्हाला काही काढून टाकायचं झालं तर कसं? हे दोन मी विचारले नाहीत.

का, हे दोन दिवस शोधतो आहे. मी गेलो तेव्हा त्यानं मला त्याच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसला. माझे दादा कडेगावात त्याच्या आजोबांशी पायरीखाली उभं राहून बोलत. ती पायरी मी लहानपणी पाहिली आहे. त्या घरातला मुलगा मला सर म्हणून खुर्ची देतो आणि मी त्याच्याकडे किल्ली मागू? मागितली असती तर अविश्वास दिसला असता, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, तो विश्वास नव्हताच. त्या घराकडे काही मागायचं नाही, ही जुनी सवय होती. ती मी विश्वास म्हणून खपवली.

असो. यादी पाठवली आहे. एकशे बारा नावं. अक्षता बेचाळीस नंबरला.

महेंद्र


सांगली, २४ मे १९९९

प्रिय महेंद्र,

आधी गोड बातमी. अक्षताचं ठरलं!

मलकापूरचे हिंदुराव बनसोडे, मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेले. त्यांचा कपिल. तुझ्याच यादीत सदुसष्ट नंबरला आहे. डिप्लोमा झालाय, पुण्यात कंपनीत आहे. पौर्णिमेला तुझी प्रत मिळाली, त्यांनी पत्र टाकलं आणि काल रविवारी अकरा माणसं जीपमधून आली. हिंदुराव दारातच म्हणाले, “आमी येळेवर आलो. पोहं येळेवर येऊ द्या.” पोहे झाल्यावर पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत बसली आणि अर्ध्या तासात होय झालं. नोव्हेंबरात लग्न. मुलगा मान खाली घालून बसला होता, गरीब वाटला.

वेबसाइट पण अक्षतानं मला क्लासमध्ये दाखवली. आपल्या दादांचं नाव वर मोठ्या अक्षरात. मला रडू आलं. वीरधवल म्हणाला, “मावशी, कीबोर्डवर नको, पाणी गेलं तर बंद पडतंय.”

आता तुझं लाल पेन काढ बाबा. बेचाळीस आणि सदुसष्ट, दोन्ही खोड.

शालन


सातारा, ७ जून १९९९

प्रिय शालनताई,

तुझं पत्र २७ तारखेला मिळालं. त्याच दिवशी वहीतली दोन्ही नावं खोडली. दादांच्या पद्धतीनं, पट्टी लावून. आनंद झाला.

पण वेबसाइटवर नावं तशीच आहेत. वीरधवलच्या क्लासला सहा वेळा फोन केला. घंटा वाजते, कुणी उचलत नाही. जरा पाहतेस का?

महेंद्र


सांगली, १४ जून १९९९

महेंद्र,

क्लास बंद. शटरला कुलूप. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं की वीरधवल बंगलोरला गेला. दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर गोंधळणार म्हणतात ना, ते आधीच दुरुस्त करायला मोठ्या पगारावर माणसं घेतायत. एका दिवसात बोलावणं आलं म्हणे. त्याच्या आईकडून पत्ता मिळवलाय, खाली लिहिते. अक्षताला विचारलं, “तुला काय बोलला होता का गं जाताना?” ती म्हणाली, “सगळ्यांना पेढे दिले.”

ही पोरगी हल्ली कमी बोलते. लग्न ठरलं की होतं तसं. मी पण आठ दिवस कोपऱ्यात बसून होते.

शालन


सातारा, १८ जुलै १९९९

प्रिय शालनताई,

बंगलोरला दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. परवा हिंदुरावांचं पत्र आलं. जसं आहे तसं उतरवतो:

“आपले यादीत इंटरनेटवर अ. क्र. ४२ हे नाव अजून आहे. माझे जावयांनी पुण्यात हापिसात पाहून कागदावर छापून आणले. खाली ‘स्थळे पाहणे चालू’ असे छापले आहे. आमचा शब्द म्हणजे शब्द. आपलेकडून दुसरीकडे बघणे चालू असेल तर तसे कळवावे. ३१ ऑगस्टअखेर नाव न निघाल्यास आम्ही मोकळे समजावे.”

मी पुण्याला जाऊन त्या जागा देणाऱ्या कंपनीत बसलो. काउंटरवरच्या मुलीला वहीसुद्धा दाखवली, पट्टी लावून मारलेली लाल रेघ दाखवली. ती म्हणाली, “काका, जागा पाटलांच्या नावावर आहे. ते सांगतील तेव्हाच. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून आम्ही एक अक्षर हलवत नाही.” मी तिला म्हणालो, एका मुलीचं लग्न मोडेल. तिचे डोळे भरले, पण नियम तिनं सोडला नाही. परतताना एस.टी.त माझ्या लक्षात आलं, की तिचं बरोबर आहे. दहाव्या प्रश्नाचं हेच उत्तर मला मिळायला हवं होतं. फक्त मार्चमध्ये, आणि आपल्या नावानं.

लोकांना भीती असते की वेबसाइट बंद पडेल. आपली बंद पडत नाही, हेच दुखणं आहे. रोज सकाळी दुकानात जाऊन बघतो. अक्षता होवाळ, वय २०, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष, स्थळे पाहणे चालू.

आणखी एक लिहू का? सदुसष्ट नंबरला कपिलचंही नाव तसंच आहे. त्याच्याबद्दल कुणी पत्र पाठवलं नाही. माझ्याही हे कालपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

महेंद्र


सातारा, ५ ऑगस्ट १९९९

चि. अक्षता,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर पाठवतो आहे. आईपासून काही लपवायला मला आवडत नाही, पण आधी तुझ्याशी बोलावं असं वाटलं.

काल वीरधवलचं उत्तर आलं. तो दोन महिने कामासाठी मद्रासला होता, माझी पत्रं त्याला आता मिळाली. तो लिहितो, “सर, पासवर्डचा कागद मी निघायच्या दिवशी अक्षताकडे दिला आहे, ‘मामांना दे’ म्हणून. नोंदी कशा बदलायच्या त्या पायऱ्याही लिहिल्या आहेत. तुम्ही मागितला नव्हता, पण तो तुमचाच होता.” त्याच्याबद्दल मी दोन महिने मनात काय काय बोललो, ते तुला सांगत नाही. त्याला माफीचं पत्र लिहिलं आहे.

त्यानं पासवर्ड याही पत्रात पुन्हा लिहिला आहे. म्हणजे आता तो माझ्याकडे आहे. दुकान घरापासून दहा मिनिटांवर आहे. काल मी तिथवर गेलो, बसलो, आणि काही न करता परत आलो. कागद द्यायचा तू विसरली असशील तर एक ओळ लिही, मी लगेच नाव काढतो. विसरली नसशील, तर का ठेवलास ते सांग. रागावणार नाही, असं वचन देऊ शकतो. तुझ्या बाजूनं उभा राहीन असं वचन देण्याइतकं धाडस माझ्यात आहे की नाही, ते मला माहीत नाही.

३१ तारीख तुला माहीत आहेच.

तुझा मामा,
महेंद्र


सांगली, १० ऑगस्ट १९९९

ती. मामा,
जयभीम.

मी विसरले नाही. कागद माझ्या फिजिक्सच्या वहीत आहे. रोज बघते.

मामा, तुमच्या एकशे बारा नोंदी मी टाइप केल्या. ‘गृहकृत्यदक्ष’ हा शब्द सदतीस वेळा. माझ्या नोंदीत आला तेव्हा मी थांबले. वाटलं, या छत्तीस मुली अशाच असतील का, की त्यांच्याही आयांनी चहावरून लिहिलं असेल? एकाही नोंदीत मुलीनं स्वतः लिहिलेली एक ओळ नव्हती. मुलांचंही तसंच.

त्या रविवारी अकरा माणसं आली. मला दोन प्रश्न विचारले. उंची किती? ती यादीत होतीच. आणि सुकट खाते का? मी हो म्हटलं. मग मी आत गेले आणि बाहेर ठरलं. आई आत आली ती मला मिठी मारायलाच. तुम्ही लाल रेघ मारली ती आईच्या पत्रावरून. मला कुणीच विचारलं नाही, मामा. तुम्हीही नाही.

कपिल वाईट आहेत असं मी म्हणत नाही. मला माहीतच नाही. सदुसष्ट नंबर, पाच फूट आठ इंच, एवढंच माहीत आहे. शेवटचं वर्ष पूर्ण करायचं आहे, पुढे कॉम्प्युटरमध्ये काम करायचं आहे. त्यांना चालेल का, हे एकदा त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे. नकार द्यायला माझी जीभ उचलत नाही, कारण नकार नाहीच आहे. पण वीरधवलसरांनी तो कागद हातात दिला तेव्हा वाटलं, हे नाव मी काढलं की माझा होकार झाला. म्हणून काढलं नाही. सगळ्या घरात माझ्या हातात तेवढं एकच होतं.

आईला त्रास होतोय ते दिसतं. ती रोज बुद्धांच्या तसबिरीकडे नाही, फोनकडे बघते. तुमच्याकडे पासवर्ड आहे. तुम्ही काढलंत तर मी काही म्हणणार नाही.

अक्षता


सातारा, १४ ऑगस्ट १९९९

चि. अक्षता,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. मी पाटलांच्या मुलाला विचारलं, पुण्याच्या मुलीला विचारलं, बंगलोरला पत्रं पाठवली. जिनं ती सगळी अक्षरं टाइप केली तिला विचारायचं मला सुचलं नाही. दादांच्या नियमाचा मला अभिमान होता. ठरल्यावर एक दिवसही नाव राहू द्यायचं नाही. पण ठरलं म्हणजे कुणी ठरवलं, हे बेचाळीस वर्षांत वहीत कुठेच लिहिलेलं नाही. मी काल पानं उलटून पाहिली.

पासवर्ड मी वापरणार नाही. आज दोन गोष्टी केल्या. पहिली, हिंदुरावांना पत्र टाकलं. लिहिलं, की नाव राहिलं यात मुलीच्या घरच्यांचा दोष नाही, दुसरीकडे बघणं चालू नाही. मुलीला तुमच्या मुलाशी एकदा, दोघंच असताना, बोलायचं आहे. ते झाल्याशिवाय मी नाव काढणार नाही, आणि त्यावरून तुम्ही मोकळे झालात तर तो दोष माझा. पत्र पेटीत टाकलं आणि पेटीपाशी जरा वेळ उभा राहिलो. पोस्टमन आला असता तर परत मागितलं असतं की काय, सांगता येत नाही.

दुसरी, वहीत तुझं नाव पुन्हा लिहिलं. लाल रेघेच्या खाली, निळ्या शाईनं. खोडलेलं नाव परत लिहिल्याचं या वहीत एकही उदाहरण नाही. अक्षर वाईट आलं आहे.

आईला तू सांग. मी सांगितलं तर ती मला बोलेल आणि तुझं ऐकायचं राहून जाईल.

मामा


सांगली, ३० ऑगस्ट १९९९

महेंद्र,

पंधरा दिवस लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर शिव्या लिहिल्या असत्या. चोवीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडून दिले आणि कधी कान लावला नाही. घरच्या लायनीवर काय चाललंय ते मात्र मला तुम्ही दोघांनी कळू दिलं नाही. अक्षतानं सांगितलं तेव्हा मी तिला म्हटलं, “मला विचारायचं हुतंस की गं!” ती म्हणाली, “आई, तू विचारायचं होतंस.” त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं जेवले.

काल हिंदुराव आणि कपिल आले. जीप नाही, एस.टी.नं, दोघंच. मी दारात उभी होते. हिंदुराव बसले, तुझं पत्र खिशातून काढून टेबलावर ठेवलं, आणि त्यावर हात ठेवला. मग म्हणाले, “बाई, पलटणीत अवघड कामावर माणूस पायजे असला की सायेब इचारायचा, कोण तयार हाय? ज्याला जायचं त्यानं आपल्या पायानं एक पाऊल फुडं यायचं. मागनं ढकललेला मोजत नव्हते. आटावीस वर्षं तितं ऱ्हायलो, आन् घरात आल्यावर इसरलो बघा.” मग कपिलकडं बघून म्हणाले, “जा रं. एक तास. पोहं तवर आमी खातो.”

दोघं कुठं गेली असतील? बागेत नाही, नदीवर नाही. इंटरनेटच्या दुकानात! अक्षतानं त्याला त्याचं सदुसष्ट नंबरचं पान दाखवलं. ‘मनमिळाऊ’ वाचून तो म्हणाला, “हे मी न्हाई लिवलं, आईनं लिवलंय. मला माणसांत लवकर बोलता येत न्हाई. त्या दिवशी पण तुमाला कायतरी इचारायचं हुतं, सगळे बघत हुते म्हणून ऱ्हायलं.” हिनं विचारलं, “काय?” तर म्हणाला, “तुमाला कुणी इचारलंय का, हेच.”

हे सांगताना पोरगी हसत होती. मेपासून पहिल्यांदा.

लग्न आता परीक्षा झाल्यावर, पुढच्या मेमध्ये. नोकरीचं कपिल म्हणाला, पुण्यात अशा कामाला माणसं कमी पडतात. हिंदुराव निघताना मला म्हणाले, “तुमच्या भावाला सांगा, पत्र कडक हुतं. आवडलं.” नाव केव्हा काढणार ते अक्षतानं मला सांगितलं नाही. मी विचारलं नाही. शिकतेय.

राग गेलेला नाही. आलास की जेवायला ये, मग बोलीन.

शालन


सातारा, २ सप्टेंबर १९९९

चि. अक्षता,

परवा, ३१ तारखेला, सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी दारात होतो. दुकानदारानं आता माझ्यासाठी खुर्ची ठेवली आहे. साडेनऊला पाहिलं, नाव होतं. मी घरी आलो. दुपारी पुन्हा गेलो. पान हळूहळू उतरत होतं. चाळीस, एकेचाळीस, मग एकदम त्रेचाळीस. खाली सहासष्ट, आणि मग अडुसष्ट. तू नंबर पुन्हा लावले नाहीस. तसेच राहू देत.

जागेचंही ठरवलं. पुण्याच्याच कंपनीकडे, पण या वेळी मंडळाच्या नावावर, वीरधवलला कळवून आणि त्याच्या सल्ल्यानं. मंडळात एकानं विचारलं, “त्यांनी तर तुम्हाला हाकलून दिलं होतं, त्यांच्याकडेच का?” मी म्हणालो, स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं तरी ज्यांनी मला नाही म्हटलं, ते उद्या दुसऱ्या कुणाच्या धमकीवरूनही आपलं पान हलवणार नाहीत. काउंटरवरच्या त्याच मुलीला मी या वेळी अकराही प्रश्न विचारले. दहाव्याला जरा अडखळलो, पण विचारला. मग बारावा विचारला, ज्याचं नाव आहे त्याला स्वतःला ते काढता येईल का? ती म्हणाली, “काका, असं अजून कुणी विचारलं नव्हतं. तशी सोय तुम्हालाच करावी लागेल.” ती तू करून देशील का? एकशे दहा घरांना पत्रं पाठवतो आहे. नोंदीची शेवटची ओळ ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहायची, आणि खाली स्वतःची सही. ‘गृहकृत्यदक्ष’ कुणाला लिहायचंच असेल तर लिहू दे.

आता वहीचं राहिलं. तुझं निळ्या शाईतलं नाव अजून तसंच आहे. दादांचा नियम मोडून दोन दिवस झाले. रविवारी सकाळच्या गाडीनं सांगलीला येतो, आईचं बोलणं खायला. वही, पट्टी आणि लाल पेन बरोबर आणतो. पेनाचं टोपण मी काढणार नाही.

तुझा,
मामा